पहिल्या नफ्याचे पेढे

सोलापूर, मंगळवार, संध्याकाळ

आजही पैसे निघाले नाहीत. शेअरच्या ॲपवर नफा दिसतोय, पण काढायला गेलं की म्हणतात, आधी टॅक्स भरा. नफ्यातूनच कापा म्हटलं, तर ॲपवाल्या मॅडमनी फोन ठेवला. या ब्रोकरची कुठंच नोंदणी नाही, हे मी आज बघितलं. आज!

पण टोचतायत ते पेढे. गेल्या महिन्यात पहिले दोन हजार खरंच खात्यात आले, तेव्हा मी ऑफिसभर पेढे वाटले. काय गरज होती? आमचा शिपाई नागनाथ, वैरागचा, पेढा खात म्हणाला, "सायेब, आमाला बी शिकवा की." मीच त्याच्या मोबाइलवर ॲप टाकून दिलं.

आज त्याला सावध करायला उठलो, तर तोच पेढ्यांचा पुडा घेऊन समोर. "माजे बी दोन हजार आले, सायेब! उद्या पतपेढीतली ठेव मोडून समदं टाकतो. घ्या, तुमच्यामुळं झालं."

मी पेढा खाल्ला. वर विचारलं, "कुठून आणलास?"

घरी आल्यापासून चारदा त्याचा नंबर काढलाय. लावत नाही. त्याला सांगायचं म्हणजे माझे पैसे गेले, हे आधी मोठ्यानं म्हणावं लागेल. स्वयंपाकघरात ही आहे, तिला ऐकू जाईल.