प्लेटो आणि यिर्मयाची भेट

एश्बॉर्न, गुरुवार, १३ नोव्हेंबर २००८

आज लायब्ररीत सतराव्या शतकातल्या एका पाद्र्याचं पुस्तक कॅटलॉगला घेतलं. ग्रीकांचं सगळं तत्त्वज्ञान हिब्रू शास्त्रातून आलं म्हणे. पुरावा काय, तर प्लेटो इजिप्तमध्ये यिर्मया संदेष्ट्याच्या पायाशी बसून शिकला. अरे, यिर्मया गेल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी प्लेटो जन्मला! एकटाच हसलो. सांगणार कोणाला?

बायको आठवडाभर म्युनिकला कामाला, म्हणजे घरात मराठी बोलणारा मीच. संध्याकाळी आमची लेक मित्रा जेवेना. म्हटलं, "आबा तुला मांडीवर घेऊन सांगायचे ना, पानात टाकायचं नाही." सात वर्षांची पोर. शांतपणे जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, आबा वार दोख शोन टोट." आबा तर तेव्हा वारलेले होते, म्हणे.

गेनाऊ, अगदी बरोबर. ती जन्मायच्या दोन वर्षं आधीच माझे वडील गेले. मग मी असं का बोललो? सुचलं कुठून?

त्या पाद्र्याला काय वर्षं मोजता येत नव्हती? आपली दोन लाडकी माणसं कधी भेटलीच नाहीत, हे सोसलं नसेल त्याला. आणि मी हसलो.

मित्राने पोळी तशीच टाकली. ती मी खाल्ली.

आबांची मांडी मात्र खोटी नव्हती. तिच्यावर लहानपणी मी बसलो होतो.