डुगडुगणारं स्टूल आणि ठणठणीत म्हातारा

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, वय अठ्ठ्याहत्तर, उद्या दुसऱ्यांदा पोट फाडून घेण्याआधी, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात, कोणाच्याही दडपणाशिवाय हे सांगतो आहे. शेजारच्या खाटेवरचे पोस्टमन लिहून घेत आहेत. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडलेला नाही. त्यांनी मागच्या वेळी दिलेला ठणठणीत असल्याचा दाखला अजून पोटात ठसठसतोय.

कलम १. घराच्या वरच्या दोन खोल्या थोरल्या मुलाला, खालचं दुकान धाकट्या लेकीला. थोरल्यावर रागावलो आहे, त्याला टाकलेलं नाही. राग कशाचा तेही नोंदवतो, मागाहून कोणी म्हातारा चळला होता म्हणायला नको.

पहिल्या ऑपरेशननंतर खाटेजवळचं स्टूल डुगडुगत होतं. तीन दिवस सहन केलं. चौथ्या दिवशी अंगात ताप असताना उठून बसलो, दुकानातून थेट आलेल्या लेकीच्या पिशवीतला पेचकस घेतला आणि एक नवा स्क्रू पिळला. नेमके तेव्हाच मोठे डॉक्टर राउंडला आले.

"अरे वा, आजोबा कामाला लागले! ठणठणीत आहेत. आजच घरी न्या."

लेक म्हणाली, "डॉक्टर, ताप उतरलेला नाही. टाक्यांतून पाणी येतंय. बघा तरी."

"घरी गेले की वाटेल बरं," म्हणत ते पुढच्या खाटेकडे.

थोरल्याने कागदावर सही ठोकली. "बाबा, त्यांना खाट हवीय. उगाच वाद कशाला?"

मीही गप्प बसलो, हे कबूल करतो. घरी पाचव्या दिवशी टाक्यांत पू झाला आणि परत याच खाटेवर आलो.

कलम २. रंधे, करवती, पटाश्या, सगळी हत्यारं लेकीला. ड्रिल मशीन थोरल्याने सहा वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेलं आहे. ते त्याचंच समजावं.

कलम ३. स्टूल दवाखान्याचं, पण त्यातला स्क्रू माझा. तो मोठ्या डॉक्टरांना देतो. अट एकच, त्या स्टुलावर बसून प्रत्येक पेशंटच्या माणसांचं पाच मिनिटं ऐकावं.

कलम ४. मी शुद्धीवर नसेन तेव्हा माझ्या वतीने लेकच बोलेल, सही तीच करेल. थोरल्याने तिच्या शेजारी उभं राहावं. तोंड उघडायचंच असेल तर "ताई म्हणते ते बरोबर" एवढंच म्हणावं, ती धाकटी असली तरी.

हे वाचून दाखवल्यावर थोरला म्हणाला, "बाबा, हे मृत्युपत्रात कशाला?"

मग कुठे लिहू? जिवंत माणसाचं इथे कोणी ऐकत नाही.

कलम ५. खिडकीची कडी सैल आहे. मला दिसतेय. हात लावणार नाही.

स्थळ: तोच वॉर्ड, खाट क्रमांक अकरा.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सकाळी.
साक्षीदार: १. निवृत्त पोस्टमन, खाट क्रमांक बारा. २. वॉर्डातल्या मावशी, ज्यांनी मला घरी पाठवलं त्या दिवशीही तापाचा आकडा सांगितला होता.

सही: (पडून केली. बसता येतं, पण मोठे डॉक्टर राउंडला आले आहेत.)