गादीखालचा कागद

।। श्री ।।
येरवडा, पुणे
४ ऑगस्ट २०२४

ती. आनंदीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर कितीही ओरडले तरी तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू वाचत नाहीस, म्हणून हे पुण्यातून पुण्यात पत्र. बाळंतपणापर्यंत डॉक्टरांनी मला पलंगावरून हलायची मनाई केली आहे, नाहीतर केव्हाच येऊन बसले असते तुझ्यापाशी.

तुझ्या हाताचं प्लास्टर निघालं हे कळलं. बोटं वळत नाहीत आणि व्यायामाचा चेंडू तू शोकेसमध्ये ठेवला आहेस, हेही कळलं. आत्ता हलवली नाहीत तर बोटं तशीच ताठ राहतील, असं तुझे डॉक्टर म्हणाले ना? मला भीती वाटते गं. आपल्या घरातल्या प्रत्येक बाळाचं पहिलं झबलं तुझ्या हातचं. माझंसुद्धा.

तुझे जावई विश्वजीत ऑफिसला जाताना हे पत्र आणि एक भेट पोचवतील. पडल्या पडल्या माझ्या हातानं केली आहे. आवडली का ते कळव.

लोभ आहेच, तो व्यायामातही दिसावा.
तुझी,
चैताली


सदाशिव पेठ, पुणे
८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. चैताली हिस,
अ. उ. आ.

मी सांगते आहे आणि शेजारच्या यमुनाबाई लिहीत आहेत. तेव्हा अक्षर त्यांचं, मजकूर माझा.

भेट मिळाली म्हणावं की नाही, कळत नाही. जावई दारातूनच पुडा देऊन गेले. यमुनाबाईंनी वरचं झाकण काढलं, खालचं उलगडलं. उलगडतच गेल्या. शेवटी हातात दोन कागद राहिले आणि आत काही नाही! घालायला विसरलीस की काय? वेष्टन भारी आणि वस्तू किरकोळ हे पुष्कळ पाहिलं, पण वस्तूच नाही, हे आमच्या पेठेतही अजून आलेलं नाही.

कागद मात्र सुरेख आहेत, निळे, सोनेरी बुट्ट्यांचे. हातानं सपाट करून गादीखाली ठेवलेत. कोणाच्या तरी मुंजीला कामी येतील.

चेंडूचं म्हणशील तर ते खेळ मला जमायचे नाहीत. झबली बाजारात छान मिळतात. दोन विकत आण.

स्वतःला जप. राग मानू नकोस.
तुझी,
आत्या

ता. क. हे त्यांना न दाखवता लिहिते आहे. झबल्याचं वाक्य सांगून झाल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. डोळे पुसताना मी पाहिलं. यमुना.


येरवडा, पुणे
१३ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अगं आत्या! डबा हीच भेट होती! हसून हसून पोट दुखलं आणि सासूबाई धावत आल्या.

एका कागदाचा डबा, दुसऱ्याचं झाकण, वर फुलाच्या पाकळ्या. कात्री नाही, डिंक नाही, नुसत्या घड्या. किती कागद वाया घालवल्यावर तो एक जमला होता, आणि तू त्याला गादीखाली घातलंस!

आता शिक्षा ऐक. गादीखालचे कागद काढ. घड्यांच्या खुणा अजून असतील, त्यांवरूनच दुमडत जा. प्रत्येक घडी उजव्या हाताच्या नखानं दाबायची. यमुनाबाईंनी फक्त बघायचं. मला माझा डबा परत हवा आहे. घाई नाही, पण हवा आहे.

झबली मी विकत आणणार नाही. बाळ उघडं राहिलं तर जबाबदारी तुझी.

लोभ डब्यासकट परत यावा.
तुझी,
चैताली


सदाशिव पेठ, पुणे
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. चैताली हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर पाहून दचकू नकोस. यमुनाबाईंना आज रजा दिली आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा मला भयंकर राग आला. पहिल्या दिवशी एक घडी बसेना. अंगठ्यात जोरच नव्हता. कागद भिरकावला तो यमुनाबाईंच्या चहात पडता पडता वाचला. त्यांनी मुकाट्यानं उचलून पुन्हा माझ्यापुढे ठेवला. मग रोज दुपारी बसायला लागले. डाव्या हातानं उजव्याचं बोट धरायचं आणि खुणेवरून फिरवायचं. खालचा डबा लवकर उभा राहिला. पाकळ्यांनी मात्र जीव खाल्ला. झाकण बसलं त्या दिवशी मी रडले. यमुनाबाईही रडल्या, पण त्या कशालाही रडतात.

मला वाटलं होतं गं, हा हात गेला. कोणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगते.

डबा जावयांबरोबर परत पाठवते आहे. एक पाकळी वाकडी आहे, ती तशीच राहू दे. रिकामं भांडं परत द्यायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून सुई हातात घेतली. माझी निळी सुती साडी धुऊन धुऊन अगदी मऊ झाली होती. टाके वेडेवाकडे आहेत. बाळाला काही कळत नाही, आणि तू बोलायचं नाहीस.

तुम्हा दोघांवर, आणि येणाऱ्यावर, जीव आहे.
तुझी,
आत्या

ता. क. झाकण अलगद उचल. या वेळी आत काहीतरी आहे.