इजा झालेला धागा अन् पिंपळगावचे पाहुणे

मुंबई, फेब्रुवारी १९६९

तीर्थरूप मायच्या पायावर शालिग्रामचं डोकं.

मी बरा आहो. जानेफळात थंडी सरली का? तुह्या गुडघ्याले आराम आहे का?

इथं प्रयोगशाळेत आम्ही जंतूइवर डोळ्याले न दिसणारे किरण सोडतो. त्यानं त्याइच्या डीएनएले, म्हणजे वंशाच्या धाग्याले, इजा होते. एकाचे दोन व्हाच्या आधी जंतू त्या धाग्याची नक्कल करते, पण इजेपाशी काम अडते. मग तेवढी जागा कोरी सोडून तो पुढं जाते, अन् मागून दुसऱ्या चांगल्या नकलेवरून ती जागा भरून घेते.

हे पाहता पाहता मी किरण अडवणारा मुखवटा लावाचा विसरलो. जंतू सुधरले, माह्या तोंडाची साल निघून राह्यली. डोळ्याची आग आता कमी आहे, चिंता करू नको.

पण कालच दादानं पाह्यलेल्या स्थळाचे, पिंपळगाव राजाचे पंजाबराव, पोरीचे वडील, न कळवता मले पाहाले आले. माह्या तोंडाकडं लय वेळ पाह्यलं, मग म्हणाले, "हे असं लेकराइले उतरन का?"

मी म्हटलं, "नाही मामा, पेशी आतून दुरुस्ती करून राह्यल्या." अन् सारं पहिल्यापासून समजावलं.

"मले काही समजलं नाही," ते म्हणाले. "पोरगी मॅट्रिक आहे. तिलेच लिहा."

घरचा पत्ता देऊन गेले, म्हणजे पसंत असन.

पोरीचं नाव विचाराचं मात्र राह्यलं. तेवढं दादाकडून लवकर कळव.

तुहा लेक,
शालिग्राम