सोंगांची पेटी बाबल्याला द्यावी की न द्यावी

मी, गंगाराम धोंडू पाष्टे, वय सत्तरीच्या आसपास, धंदा शेती व शिमग्यात सोंगे काढणे, राहणार भाट्ये, तालुका रत्नागिरी. डोके ठिकाणावर आहे. खोतांचे मत निराळे आहे, पण ते पहिल्यापासूनच तसे आहे. कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो की,

१. घर, परसू व माड मुलगा बाबल्या आणि सून तुळसा यांना निम्मेनिम्मे. तुळसेचा हिस्सा बाबल्याने विकू नये. विकलान तर तिची जीभ आहेच.

२. सोंगांची पेटी, म्हणजे मुखवटे, दाढ्या व ढोलकी. इथे जरा लांबण लागेल.

मागे एका शिमग्यात मी पोटाला उशी बांधून खोत भिकाजीपंतांचे सोंग काढले. "पालखीचा पहिला मान माझा, सबब हा धर्माचा अपमान," असे म्हणून खोतांनी फिर्याद ठोकली. मॅजिस्ट्रेटने विचारले, "नाव तर घेतले नव्हते. मग सोंग तुमचेच कशावरून?" खोत तडकले, "अहो, पोट माझंच होतं!" सगळी कचेरी हसली. मी सुटलो.

तेवढ्याने बाबल्याच्या डोक्यात हवा गेली. यंदा मुसा नाखव्याच्या मोहल्ल्यापुढे त्यांच्या नमाजाचे सोंग काढायचे ठरवलेन. "कोर्टानं सोडलंन ना? मग भ्या कसला?" मी पेटीला कुलूप घातले. माझे सोंग बघून खोत घरी गेले आणि पोटभर जेवले. हे सोंग बघून मुसाच्या दाराला अडसर लागला असता, पोरे कोपऱ्यात दडली असती. ते मला सोसले नसते. तेव्हापासून बाबल्या माझ्याशी बोलत नाही, आणि मला ते फार लागते.

तरी पेटी त्यालाच. अट एवढीच की ज्याचे सोंग काढाल तो बायकापोरांसह पुढे उभा राहून बघू शकला पाहिजे, आणि उलट चार शब्द सुनावून निर्धास्त घरी गेला पाहिजे. अट मोडल्यास कचेरीत धावू नये, फौजदाराला सोंगातले काय कळते! पेटी तुळसेने काढून घ्यावी. ती नवऱ्याचे सोंग बारा महिने काढते, तेही ढोलकीशिवाय.

३. खोतांना काही नाही. पुढल्या शिमग्यात त्यांची आठवण ठेवावी.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. पडवीत पाठ करून बसलेला बाबल्या उठून आत आला. म्हणाला, "मंग पयला तुमचाच सोंग काढतो, आबा!" आणि कमरेवर हात ठेवून, खोकत, सगळ्यांवर डाफरत घरभर फिरला. साक्षीला बसलेला मुसा डोळे पुसेपर्यंत हसला. मीही हसलो. सबब पेटीसाठी माझ्या मरणाची वाट बघण्याचे कारण उरले नाही. किल्ली आत्ताच त्याच्या हातात दिली. अट कायम.

गंगाराम धोंडू पाष्टे, सही, दस्तुर खुद्द

साक्षीदार:
मुसा इब्राहीम नाखवा
भिकाजी गोविंद खोत (सही माझी. मजकूर मान्य नाही. बाबल्याने काढलेले सोंग मात्र हुबेहूब.)

मुक्काम भाट्ये, ता. १२ एप्रिल १९३१