दीड गोळीची तपासणी

प्रिय वर्षाली,

काळेवाडीहून माण काही परगाव नाही, तरी आप्पांचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. तब्येत बरी आहे. बीपीची गोळी घेतली, गॅस बंद आहे, तो मी दोनदा बघितला. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तुला मीटिंग असते आणि मी खोकण्यातच वेळ घालवतो. शिवाय तुमच्या सॉफ्टवेअरच्या मंडळींत तोंडी काही चालत नाही, जे असेल ते लिहून द्यायचं असतं म्हणे. म्हणून लिहून देतो. सातवी शिकलेल्या माणसाचं लिखाण आहे, सांभाळून घे.

तुमचं ते मोबाईलवर मराठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मी कुरुळीला शालनबाईंच्या घरी हल्ली रोज ऐकतो. साखरेनं त्यांची नजर गेली, चिठ्ठी असो की औषधाचा कागद, तोच आवाज त्यांना वाचून दाखवतो. ते कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही दुरुस्ती करून पाठवावी आणि तुम्ही चार-पाच जणांनी तपासून आत घ्यावी, ही पद्धत मला फार आवडली. पण त्याच पद्धतीवरून तू आणि शालनबाईंचा प्रीतम, पूर्वी इथं काळेवाडीत एका गल्लीत वाढलेली पोरं, एकमेकांचं नाव घेईनाशी झालात, ते काही मला बघवत नाही.

प्रीतमची बाजू मला ठाऊक आहे. कागदावर १.५ गोळी लिहिलेलं तो आवाज "एक पॉइंट पाच" वाचायचा, आणि बाई डबी हातात धरून बसायच्या, एक घ्यायची की पाच. चाकणच्या कंपनीत शिफ्ट करून, स्वतःच शिकून त्यानं तिथं "दीड" बोलायला लावलं. तू ते परत पाठवलंस. दुरुस्तीसोबत चाचणी जोडलेली नाही, दुसरं काही बिघडलं नाही याचा पुरावा नाही, असं कळवलंस. चार वेळा तेच एका ओळीत. मग त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं की माणच्या एसीत बसणाऱ्यांना आंधळ्या आईचं काय कळणार. तू लिहिलंस की कुणाच्या आईसाठी नियम बदलणार नाही. त्यानं पुढं जे लिहिलं ते मी इथं लिहीत नाही. तुम्ही त्याला सहा महिने बाहेर काढलंत.

मी तीस वर्षं भोसरीच्या कारखान्यात तयार माल तपासला. आमच्यात रीत होती. माल मापात नसला तर लाल रंग लावून मोकळं व्हायचं नाही. तो हातात घेऊन मशीनवर जायचं, मापायचं गेज तिथल्या ऑपरेटरच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, तूच माप. शालनबाईंचे मालक खंडू तिथं मशीनवर होते, माझ्यावर भडकायचे, पण स्वतः मापल्यावर मशीन नीट लावून घ्यायचे. तू लाल रंग बरोबर लावलास, पोरी. मशीनपर्यंत गेली नाहीस.

बरोबर लावलास हे मी उगीच म्हणत नाही. मी वही घेऊन शालनबाईंच्या ओट्यावर तीन आठवडे बसलो. पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच, तारखा, वजनं, बसच्या वेळा, सगळं त्या आवाजाकडून वाचून घेतलं आणि बरोबर-चूक टिपलं. प्रीतमनं आपली दुरुस्ती आईच्या मोबाईलवर घातलेली होती; तिच्यात दीड गोळी ठीक येत होती, पण दुपारी १.५० ची बस तो दीडची सांगत होता. प्रीतमनं मोबाईल माझ्या हातातून घेतला, स्वतः चार वेळा ऐकलं आणि मान खाली घातली.

आता जे सांगायचं ते. महिन्यापूर्वी तुमच्यात सयाजी नावाचा नवा माणूस आला. त्यानं आकड्यांची दुरुस्ती चाचणीसकट पाठवली. तू ती तीनदा परत केलीस, पण दरवेळी कुठं चुकलं ते दहा-दहा ओळींत समजावलंस, आणि शेवटी लिहिलंस, "काम चांगलं आहे, सावकाश करा, आम्ही थांबतो." चौथ्यांदा ती आत घेतलीस. सयाजी माझ्या आजोबांचं नाव. त्या नावाआड माझी वही होती आणि टंकणारे हात प्रीतमचे. नाव बदलायची अक्कल माझी, त्याची नाही. तुझं ते वाक्य त्यानं मला दोनदा वाचून दाखवलं. मग म्हणाला, "काका, हे ती मला का न्हाई म्हणाली?" मी म्हणालो, "तू तरी कधी तीनदा गप्प ऐकून घेतलंस?"

येत्या रविवारी सयाजीला तुमच्या तपासणाऱ्यांत घ्यायचं ठरतंय, हे प्रीतमनं वाचून दाखवलं. नसलेल्या माणसाला तुम्ही किल्ली देणार. आयुष्यभर दुसऱ्याचा माल तपासला आणि म्हातारपणी खोट्या शिक्क्याचा माल मीच आत घातला. म्हणून हे पत्र. रविवारच्या आधी तू हे सगळ्यांना वाचून दाखव. दुरुस्ती काढून टाकायची असेल तर काढा, प्रीतमचे बाहेरचे महिने वाढवायचे असतील तर वाढवा. तो ऐकेल, त्यानं मला तसा शब्द दिलाय. पण तुम्ही दोघं महिनाभर एकमेकांशी किती नीट बोललात, ते सगळं तिथं लिहिलेलं आहे. एकदा सयाजीच्या जागी प्रीतमचं नाव घालून वाच, आणि मग काय ते ठरव.

तुझाच,
आप्पा