भाऊजींच्या चिठ्ठीत आलेली गाडी

१२ जून

प्रिय ताई,

नमस्कार. आईचा गुडघा बरा आहे, तक्रारींची तब्येत त्याहून बरी. गॅरेजात मान वर करायला सवड नाही. तुझा मिक्सर दुरुस्त झाला, या पत्रासोबत पाठवतोय. भांड्याचं झाकण जरा घट्ट बसेल.

परवा फोनवर तू म्हणालीस, मी तरी शहाणा निघालो, मोपेडचा नाद सोडला. भाऊजींना मात्र तुझ्यापेक्षा, पोरीपेक्षा वेग प्यारा होता, असंही म्हणालीस. मी हं हं करत फोन ठेवला. तेव्हापासून हे पत्र तीनदा फाडलं.

भाऊजी जाऊन पाच महिने झाले. आमच्या शर्यती तू कधी पाहिल्या नाहीस. आम्हाला भंगारवाले म्हणायचीस, ते खोटं नव्हतं. आम्ही सात जण भंगारातल्या मोपेड आणून वर्षभर जोडत बसायचो. वजन घटवायला मडगार्ड काढ, सीट काप, पुढचा ब्रेकसुद्धा काढून टाक. मग बंद कारखान्याच्या आवारात रविवारी सकाळी शर्यत. नियम भाऊजींनी घातलेला: आपण बांधलेली गाडी आपण चालवायची नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. दुसऱ्याचा जीव गाडीवर बसणार म्हटलं की माणूस हात राखून काम करत नाही, असं त्यांचं म्हणणं. गाडीत खोट असेल तर चिठ्ठ्यांआधी सांगायची. सांगितली की गाडी बाद.

त्या शेवटच्या शर्यतीला माझ्या गाडीच्या मागच्या ब्रेकची सळई आखूड पडली होती. मी तुकडा जोडून वेल्डिंग मारलं. शनिवारी त्या जोडावर केसाएवढी चीर दिसली. नवी सळई करायला वेळ नव्हता, आणि आठ महिन्यांची मेहनत बाद करायची माझी छाती झाली नाही. मी वरून रंग फासला.

भाऊजींच्या चिठ्ठीत माझी गाडी आली. सगळं ओठांवर आलं होतं गं. पण लोक गाडीभोवती जमून कौतुक करत होते, आणि मी एवढंच म्हणालो, "जपून चालवा."

ते हसले. "तुझ्या हातची गाडी आहे. जपायचं काय त्यात?"

दुसऱ्या फेरीत ते भिंतीवर गेले. सगळे त्यांच्याकडे धावले. मी आधी गाडीकडे धावलो. तुटलेली सळई खिशात घातली, आणि मगच त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. पोलिसांना मीच सांगितलं, वेग फार होता. तूही तेच खरं धरलंस, आणि मी धरू दिलं.

उद्या सळई घेऊन चौकीवर जातोय. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. माफी मागायला मला तोंड नाही.

भाचीला तू सांगतेस, बाबांना थांबायचंच नव्हतं. तसं नको सांगूस. वळणाच्या बरंच आधी त्यांचा पाय ब्रेकवर होता. मी पाहिलंय.

तुला ताई म्हणायचा हक्क गमावलेला,
तुझा धाकटा